रजेवरच्या मॅडम

‘साहेबांकडं? जावा की वर. एकलेच हायत. मॅडम रजेवर हायत,’ हौसाबाई म्हणाली आणि चहाच्या पातेल्यात आलं ठेचून टाकलं.

मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता, तो तसाच राहिला.

‘कोण मॅडम?’

‘हापिसातल्या. दोघांचं हापिस हाय न्हवं ते. मी कधी बघितल्या न्हाईत बाई. पर चहा दोन जातात वर. साडेअकराला दोन, चारला दोन.’

साहेब म्हणजे माझा नवरा, दिगंबर पुरोहित. आणि ऑफिस म्हणजे सांगलीच्या गणपती पेठेत हळदीच्या वखारीवरची एक खोली, जिथं बसून तो चित्रं काढायचा. लोक हसतात, म्हणून आधीच सांगून टाकते. दिगंबर रोज सकाळी नऊ चाळीसला शर्ट खोचून, खिशाला पेन लावून, डबा घेऊन सायकलवर निघायचा. दहाला कुलूप उघडायचा. दीड ते दोन जेवणाची सुट्टी. साडेपाचला ब्रश खाली, मग आभाळ अर्धं रंगवून राहिलेलं का असेना. रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार बंद. एकदा रविवारी कृष्णेच्या घाटावर बसलो होतो, तर म्हणाला, ‘पाण्यावर उजेड काय सुरेख आलाय बघ.’ मी म्हटलं, ‘मग काढ की.’ तर म्हणे, ‘सोमवारी.’

हे सगळं त्यानं उचललं होतं माझ्याकडूनच. मी एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत होते. कोण कामावर आलं, कोण नाही, कुणाची किती रजा उरली, सगळं माझ्या टेबलावर. मस्टर माझ्या ताब्यात. लग्नाच्या पहिल्याच वर्षी भांडताना मी त्याला म्हटलं होतं, ‘तुमचं कलाकारांचं बरं असतं, मूड आला तर काम. आम्हाला मस्टर असतं.’ पुढच्या सोमवारी त्यानं ही खोली घेतली आणि ‘ऑफिसला जातो’ म्हणून घराबाहेर पडला. तेव्हापासून तेरा वर्षं तो ऑफिसला जात होता. अर्धा दिवस कॅलेंडरं, लग्नपत्रिका आणि हळदीच्या पुडीवरची बाई, उरलेला अर्धा दिवस स्वतःची चित्रं. त्या पुडीवरच्या बाईकडे बघून मी एकदा म्हटलं होतं, ‘हिचं मनगट चुकलंय.’ पुढच्या खेपेच्या पुड्यांवर मनगट बदललेलं होतं.

त्याचा एक नियम होता. घरच्यांनी ऑफिसात यायचं नाही. ‘मी येतो का तुझ्या कचेरीत?’ म्हणायचा. मीही कधी हट्ट केला नाही. मलाच तिथं जायचं नव्हतं. टर्पेंटाइनचा वास मला सहन व्हायचा नाही. त्या सोमवारी गेले, कारण तो चष्मा घरी विसरला होता आणि कोणी माजी मंत्री वारल्यामुळे आमची कचेरी अकरालाच सुटली होती.

वर गेले. दार वाजवलं. दिगंबरनं अर्धंच उघडलं आणि त्या अर्ध्यात स्वतः उभा राहिला.

‘तू? इथं?’

‘चष्मा.’

‘अरे हो. दे.’

त्याच्या खांद्यावरून मला आत दिसलं. टेबलं दोन होती. एकावर रंगांचा राडा. दुसरं खिडकीशी, लख्ख पुसलेलं, खुर्चीवर मरून रंगाची उशी. त्या टेबलावर चहाचा कप होता आणि कपातून वाफ निघत होती.

‘कोणी आलंय का?’

‘नाही गं. कोण येणार? संध्याकाळी बोलू, ऑफिसची वेळ आहे.’

दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज मी ऐकला. मनात पाल चुकचुकली ती तिथंच, जिन्यात.

मला कुणी संशयी म्हणालं तर मी नाही म्हणणार नाही. रोज मस्टर तपासणाऱ्या माणसाचं नाक तसं होतंच. रजा हा शब्द मी चांगला ओळखत होते. त्याच्या आड लोक काय काय लपवतात, हे मला पाठ होतं. मी स्वतः लपवलं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्याकडच्या दीक्षितबाई नवरा अंथरुणाला खिळला म्हणून आठ महिने आल्या नव्हत्या. अर्ज नाही, चिठ्ठी नाही. मी त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहायला हवं होतं. मी रोज ‘रजा’ लिहीत गेले. गैरहजर लिहीत गेलं की एक दिवस नाव पटावरून जातं. रजेवरच्या माणसाची जागा कोणी काढून घेत नाही. हे मी तेव्हा जेवताना दिगंबरला सांगितलं होतं, जरा घाबरत, जरा मिरवत.

पण रजेवरच्या माणसाला कुणी चहा पाजत नाही. एवढं तर कुठलाही शिपाई सांगेल. रजा खोटी होती आणि बाई खरी होती.

संध्याकाळी पानं वाढली आणि मी सरळ विचारलं, ‘तुझ्या ऑफिसात माणसं किती आहेत रे?’

‘हा काय प्रश्न?’

‘प्रश्नाला प्रश्न हे उत्तर नव्हे.’

‘एक,’ दिगंबर म्हणाला आणि त्यानं आमटी वाढून घेतली. वाटी आधीच भरलेली होती. ती ताटात सांडली.

मी फडकं आणून दिलं. मग पर्समधला कागद त्याच्यापुढे ठेवला. हेडक्लार्क म्हणून बढती, ठिकाण सोलापूर. संमती द्यायची ती शुक्रवारी साडेपाचच्या आत. याआधी दोनदा मी नकार कळवला होता, दोन्ही वेळा त्याच्यासाठी. त्याचं ऑफिस इथं होतं आणि त्याला डबा लागायचा. तिसऱ्यांदा नकार दिला तर पुन्हा कोणी विचारणार नव्हतं.

‘जाऊ का?’ मी विचारलं.

त्यानं कागद दोनदा वाचला. ‘तुला वाटत असेल तर जा. मी अडवणार नाही.’

अडव की मेल्या, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मूलबाळ नव्हतं आम्हाला. दोघांच्या घरातून एक माणूस सोलापूरला गेलं की मागं काय उरतं? आणि हा म्हणतो, अडवणार नाही. मी मनाशी ठरवून टाकलं. ती बाई खरी निघाली तर शुक्रवारी सही करायची आणि जायचं. रडायचं नाही, भांडायचं नाही, बदली घ्यायची.

मंगळवारी त्याचा शर्ट धुवायला घेतला आणि आधी हुंगला. हळदीचा वास तर रोजचाच होता. पण त्या दिवशी मला त्यातून लग्नघरच आठवत राहिलं. चाळिशी गाठलेली बाई मोरीत बसून नवऱ्याचा शर्ट हुंगतेय, स्वतःचीच लाज वाटली. तरी दुसरी बाहीही हुंगलीच.

बुधवारी त्याच्या पिशवीत पेन्सिली सापडल्या. सहा, नव्या, कागदात गुंडाळलेल्या. दिगंबर पेन्सिलीला हात लावत नाही. तो थेट ब्रशनं काढतो, त्याचा तोराच आहे तो.

‘पेन्सिली कुणाला?’

‘ऑफिसला. स्टेशनरी लागते ना.’

‘तुला कधीपासून पेन्सिल लागायला लागली?’

तो चप्पल घालत होता. खाली मान घालूनच म्हणाला, ‘जुन्यांना टोक काढून काढून त्या संपल्या.’

त्यानं न वापरता टोक काढून संपलेल्या पेन्सिली. म्हणजे कोणीतरी वापरत होतं. मी पोळ्या लाटल्या, डबा भरला, त्याच्या हातात दिला. ती बाई माझ्या हातची भाजी खात असेल, हेही मनात येऊन गेलं, आणि दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम भाजीत मीठ जास्त घातलं. डबा रिकामा परत आला. ‘छान झाली होती,’ म्हणाला. आता सांगा, अशा माणसावर विश्वास कसा ठेवायचा?

शुक्रवारी निघताना तो म्हणाला, ‘आज मी दौऱ्यावर आहे. मिरजेला प्रेसमध्ये कॅलेंडर द्यायचंय. तिकडून ऑफिसला जाईन.’

‘जा,’ मी म्हटलं. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत थांबले. मग अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा कळवली, संमतीपत्रावर सही केली, ते पर्समध्ये घातलं आणि गणपती पेठ गाठली. साडेपाचपर्यंत ते कचेरीत द्यायचं होतं. तोवर मला खात्री करून घ्यायची होती, बस.

‘मावशी, किल्ली तुमच्याकडे असते?’ मी हौसाबाईला विचारलं.

‘झाडायला असती. का?’

‘मी त्यांची बायको.’

हौसाबाईनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग कनवटीची किल्ली काढली. ‘चला. मला बी आज तो कप घ्यायचाय.’

‘कुठला कप?’

‘मॅडमचा. ह्यो सोमवार सोडून रोज तसाच मिळतोय बघा, भरलेला. सोमवारी साहेबांनी दोन्ही पिले वाटतं.’ कुलूप काढता काढता ती म्हणाली, ‘येड लागलंय म्हणावं तर माणूस गुणाचा हाय.’

हौसाबाई कालचा कप घेऊन खाली गेली. मी एकटी उरले. टर्पेंटाइनचा वास आला. खिडकीतून वखारीतली हळद उडून आत आली होती. सगळ्यावर पिवळी धूळ होती, भिंतीवर, फळ्यांवर, दिगंबरच्या टेबलावरसुद्धा. फक्त ते खिडकीजवळचं टेबल पुसलेलं होतं. त्यावर फळ्याला टाचलेला कोरा कागद, कडेनं पिवळट पडलेला. ब्रश कोरडे, केसाला केस लागलेले, रंग न बघितलेले. आणि एका पेल्यात पेन्सिली, बोटाएवढ्या झालेल्या, प्रत्येकीला सुईसारखं टोक. एक केस नाही, टिकली नाही, पदराचा धागा नाही. मी उशीसुद्धा उचलून बघितली.

मग दाराजवळच्या स्टुलावर मला मस्टर दिसलं.

खरं मस्टर. आमच्या कचेरीत असतं तसंच, लाल पाठीचं. आजपर्यंतच्या सगळ्या वर्षांची तेरा, एकावर एक रचलेली. मी वरचं उघडलं. कुणी चूक लपवलीय हे बघायला मस्टर कसं उघडायचं, ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

पानावर नावं दोनच होती. पहिलं, श्री. दिगंबर वामन पुरोहित. रोजची सही. आजच्या चौकोनात कालच लिहून ठेवलेलं ‘दौरा’. त्याच्या खाली दुसरं. कु. कुमुद यशवंत लाटकर. आणि तिच्या नावापुढे एक तारखेपासून आजपर्यंत, त्याच्या अक्षरात, एकच शब्द. रजा. रजा. रजा.

कु. वाचूनच माझं डोकं फिरलं. म्हणजे लग्न न झालेली. म्हटलं, वा दिगंबरराव. आडनाव लाटकर, म्हणजे कोल्हापूरकडची. आणि मग नजर यशवंतवर गेली. यशवंत माझ्या वडिलांचं नाव.

लग्नात सासूबाईंनी सांगितलं आणि दिगंबरनं ताटातल्या तांदळांत अंगठीनं ‘वैजयंती’ लिहिलं. त्या दिवसापासून मी वैजयंती पुरोहित. कचेरीत तेच, रेशनकार्डावर तेच. आधी तो चारचौघांतच वैजयंती म्हणायचा, पुढं घरातही तेच झालं. ते माझं माहेरचं नाव मी तेरा वर्षांत कुठं लिहिलेलं बघितलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, दोन क्षण ती बाई मला परकीच वाटली, आणि मला तिचा संताप आला होता.

कुमुद लाटकर कोल्हापूरला दिगंबरच्या वर्गात होती, चित्रकलेच्या. पहिली यायची. दिगंबर तिसरा. ती चित्रात हात काढायला लागली की बाकीची मुलं आपलं सोडून मागं उभी राहायची. लग्न झालं तेव्हा घरात एकाला तरी नोकरी हवी होती आणि कुमुदच म्हणाली, मी करते. एक वर्ष. तुझा जम बसला की सोडते. तोवर मला चित्रातून रजेवर समज.

मी एकेक मस्टर काढत गेले. प्रत्येकात दोन नावं. प्रत्येक पानावर रजा. दसऱ्याच्या आदल्या दिवशीही रजा, माझी आई गेली त्या आठवड्यातही रजा. रडू यायला हवं होतं. मला राग आला. असा राग मला त्या बाईचाही आला नव्हता.

जिन्यात पावलं वाजली. दिगंबर दारात आला, कॅलेंडराची गुंडाळी काखेत. मला बघितलं, माझ्या हातातलं मस्टर बघितलं आणि तिथंच थांबला.

‘अर्ज कुठाय?’ मी विचारलं.

‘काय?’

‘रजेचा अर्ज. तेरा वर्षं रजा लावलीस. अर्ज दाखव.’

त्यानं गुंडाळी खाली ठेवली. ‘तोंडी होता. तू म्हणाली होतीस.’

‘एका वर्षाचा.’

‘हो.’

‘आणि पुढची बारा?’

‘मी वाढवत गेलो.’

‘मला न विचारता?’

‘न विचारता.’

‘अर्ज नसेल तर गैरहजर लावतात. तेवढं तरी शिकायचंस माझ्याकडून.’

‘तेच शिकलो,’ दिगंबर म्हणाला. ‘गैरहजर लावलं की एक दिवस नाव काढावं लागतं. दीक्षितबाईंचं तूच सांगितलं होतंस. मला ते नाव काढायचं नव्हतं.’

हे ऐकून दुसरी एखादी विरघळली असती. पण मी आस्थापनेतली होते.

‘एकदा तरी विचारायचंस,’ मी म्हटलं. ‘कुमुद, येतेस का, एवढं. मी सगळं टाकून आले असते.’

‘म्हणून तर नाही विचारलं.’

तो त्याच्या टेबलाच्या कडेला टेकला. पँटला हळद लागली, त्याला समजलंही नाही. ‘तू आली असतीस. मग मला कुठेतरी नोकरी करावी लागली असती. रोज दहाला कुलूप काढायचो, तेव्हा वाटायचं, आज संध्याकाळी विचारू. साडेपाचला वाटायचं, उद्या. आणि आणखी एक आहे.’

‘काय?’

‘तू इथं बसली असतीस तर माझं काय आहे ते सगळ्यांना दिसलं असतं. मलासुद्धा. मनगट चुकलंय हे तुला पोळी लाटता लाटता दिसतं. मला चार महिने दिसलं नव्हतं.’

‘आणि सोलापूर? अडवणार नाही म्हणालास.’

‘कोणत्या तोंडानं अडवू?’

खाली वखारीत कोणीतरी पोती आपटत होतं. संशय घेऊन आले होते तो खोटा निघाला, आणि जे खरं होतं ते माझ्या संशयाच्या यादीतच नव्हतं. माझी तेरा वर्षं या माणसानं खिशात घातली होती, आणि रोज टोक काढून जपलीही होती. त्या दिवशी मी त्याला माफ केलं असं कोणी समजू नये. ते पुढं कधीतरी, थोडंथोडं झालं.

‘पेन दे,’ मी म्हटलं.

त्यानं खिशाचं पेन दिलं.

‘हे नाही. लाल.’

‘लाल कशाला?’

‘सव्वाअकरा झालेत. दहाचं ऑफिस आहे ना तुझं?’

त्यानं टेबलाच्या खणातून लाल पेन काढून दिलं. मी आजच्या चौकोनातलं ‘रजा’ खोडलं आणि सही केली. कुमुद लाटकर, चित्राखाली करायचे तशी, शेवटचा र खाली ओढून. सहीपुढे लाल शाईत लेट मार्क केला आणि मस्टर मिटलं.

उशी काढून टाकली आणि खुर्चीवर बसले. हौसाबाई दोन चहा घेऊन आली, आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि कप ठेवून गेली. मी चहा प्यायले आणि रिकामा कप पुढं ठेवून काढायला घेतला. पहिला कप कपासारखा दिसला नाही. दुसऱ्याचा कान चुकला. कागद संपला तेव्हा दिगंबरनं दुसरा आणून ठेवला. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा त्याचा डबा आम्ही दोघांनी खाल्ला. भाजीत मीठ बरोबर होतं.

साडेपाचला त्यानं ब्रश धुतले, खिडकी लावली.

‘सुटलं ऑफिस,’ तो म्हणाला.

‘थांब. बशी राहिलीय.’

‘नियम आहे.’

‘नियम मला सांगतोस?’

तो दाराशी उभा राहिला. पावणेसहाला बशी झाली, वाकडी, पण टेबलावर टेकलेली. पर्स उचलताना आतला कागद हाताला लागला. सोलापूर. कचेरी बंद होऊन पंधरा मिनिटं झाली होती. मी पर्स बंद केली. बढती गेली याचं वाईट वाटेल असं वाटलं होतं, ते त्या दिवशी काही वाटलं नाही. पुढं एकदोनदा वाटलं, तेही खरं.

जिना उतरताना मी विचारलं, ‘माझी रजा किती शिल्लक आहे?’

दिगंबरनं जरा विचार केला. ‘एकही नाही. सगळी संपली.’

‘म्हणजे उद्या यावंच लागेल.’

‘उद्या चौथा शनिवार आहे. बंद.’

मी खालच्या पायरीवर थांबले आणि हात पुढं केला.

‘किल्ली दे.’

त्यानं खिशातून काढून दिली.